चौसष्टीतली आई, पस्तिशीतला मुलगा आणि हिरड्यांचा हिशेब

पत्राचा सारांश: पत्र सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. वय ६४. गेल्या पावसाळ्यात दात घासताना रक्त यायला लागलं, कडक भाकरी चावताना खालची डावी दाढ हलल्यासारखी वाटू लागली. हिरड्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं की पायरिया आहे, सगळ्यात खराब जागी हाड ४० टक्के गेलंय, दोन दाढांपाशी हाड आणि हिरडी पुन्हा भरून आणायची शस्त्रक्रिया करता येईल. "पण या वयात रिझल्ट थोडा कमी येतो," असंही ते म्हणाले. सोबत ३५ वर्षांचा मुलगा होता. सहज त्याचेही दात तपासले, तर त्याच्या काही दातांभोवतीचं हाड निम्मं गेलेलं निघालं. मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, तंबाखू खातो. ताईंना १२ वर्षं मधुमेह आहे, रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.६ आहे. दोघांच्या शस्त्रक्रियेचा खर्च लाखाच्या वर जातो, त्यासाठी ठेव मोडावी लागेल. ताई लिहितात, "त्याचं वय आहे, त्याचं भरून येईल. माझे हलणारे दात काढून कवळी बसवावी आणि पैसा त्याच्यासाठी वापरावा असं मी ठरवलंय. सूनबाई म्हणते, आई, आधी तुमचं करू. कोणाचं बरोबर?"

ताई,

तुम्ही प्रश्न विचारलाय खरा, पण निर्णय आधीच घेऊन टाकलाय. आणि तो सगळा एकाच समजुतीवर उभा आहे, की तरुणाच्या हिरड्या भरून येतात आणि वय झालेल्याच्या येत नाहीत. "आता माझं काय राहिलंय, दात गेले तर गेले" हे वाक्य सोलापुरात हिरड्यांचे उपचार करताना मी सतत ऐकते. बहुतेक वेळा ते बाईच्या तोंडून येतं, आणि त्या वेळी शेजारी मुलगा नाहीतर नवरा उभा असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्यासारखा हिशेब मांडणारी घरं पुष्कळ आहेत.

तुमचे डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत. या शस्त्रक्रियेत तीन गोष्टी परत याव्या लागतात: दाताभोवतीचं हाड, मुळावरचा पातळ थर, आणि दोघांना बांधून ठेवणारे बारीक तंतू. हाड झिजून दाताभोवती झालेला खड्डा साफ करून नुसता सोडून दिला तर हिरडीच्या वरच्या थरातल्या पेशी सगळ्यात आधी खाली उतरतात आणि जागा अडवून बसतात. तंतूंच्या आणि हाडाच्या पेशी सावकाश येतात, त्यांना मग जागाच उरत नाही. म्हणून मध्ये एक पातळ पडदा घालून हिरडीला थोपवायचं आणि खालच्या पेशींना वेळ मिळवून द्यायचा, ही या उपचारामागची मूळ कल्पना. माणसाच्या दातावर तिचा पहिला यशस्वी प्रयोग १९८२ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. आज पडद्याच्या जोडीला हाडाची पूड, काही प्रथिनांचं जेल किंवा रुग्णाच्याच रक्तापासून केलेला, पीआरएफ नावाचा गोठलेला थर वापरतात. वय वाढलं की या सावकाश येणाऱ्या पेशी आणखी सावकाश होतात, जखम भरायला जास्त दिवस लागतात. डॉक्टरांच्या वाक्यात खरं आहे ते एवढं.

पण सावकाश भरणं वेगळं आणि न भरणं वेगळं. १९८५ साली स्वीडनमध्येच वेगवेगळ्या वयाच्या रुग्णांवर पायरियाचे उपचार करून तुलना केली गेली. दात नीट स्वच्छ ठेवले गेले तेव्हा वयामुळे निकालात फारसा फरक पडला नाही. तिथल्याच कार्लस्टाड गावातलं दुसरं काम मला तुमच्यासाठी जास्त मोलाचं वाटतं. १९७२ साली काही लोकांना दात घासायची आणि फटी साफ करायची नीट शिकवण देऊन नियमित तपासणीत ठेवलं, आणि ३० वर्षांनी मोजदाद केली. सुरुवातीला जे ५१ ते ६५ वयाचे होते आणि शेवटपर्यंत तपासणीत राहिले, त्यांचे तीस वर्षांत सरासरी दोनाहून कमी दात गेले. हे काम हाड भरून आणण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल नाही, देखभालीबद्दल आहे. पण साठीनंतर दात जायचेच, ही समजूत किती कच्ची आहे ते त्यातून दिसतं.

मग निकाल ठरतो कशावर? पहिली गोष्ट, खड्ड्याचा आकार. दाताला लागून अरुंद, खोल खड्डा असेल आणि त्याच्या भोवती हाडाच्या भिंती शाबूत असतील, तर आत टाकलेलं टिकतं आणि हाड भरतं. साधारण तीन मिलिमीटर किंवा जास्त खोल खड्डा असला तरच या शस्त्रक्रियेचा विचार करतात. हाड सगळीकडून सारखंच खाली गेलं असेल तर विशीतल्या मुलाचंही ते वर चढत नाही. ही गोष्ट पेशंटला क्वचितच कुणी सांगतं, आणि पेशंट विचारत नाही. पुढच्या भेटीत तुमच्या आणि मुलाच्याही एक्स-रेवर बोट ठेवून विचारा, "हा खड्डा आहे की सपाट झीज?" या एका उत्तरावर तुमची ठेव मोडायची की नाही ते बरंचसं ठरेल.

दुसरी गोष्ट आजाराचा वेग, आणि तुमचा हिशेब उलटा पडतो तो इथेच. २०१८ पासून पायरियाची जी श्रेणी लावतात तिच्यात वय येतं, पण तुम्ही समजता त्याच्या अगदी उलट बाजूनं. सगळ्यात खराब जागी हाड किती टक्के गेलंय तो आकडा घ्यायचा आणि त्याला वयानं भागायचं. उत्तर पावपेक्षा कमी आलं तर आजार संथ, पाव ते एक आलं तर मध्यम, एकाच्या वर गेलं तर वेगवान. तुमचं ४० भागिले ६४, म्हणजे ०.६. मुलाचं ५० भागिले ३५, म्हणजे १.४. तुमच्या हाडाला इतकं झिजायला सहा दशकं लागली, त्याच्या हाडानं त्याहून जास्त झीज साडेतीन दशकांत केली. याचा अर्थ त्याच्या शरीरात किंवा सवयीत काहीतरी जोरात चाललंय, आणि ते थांबवल्याशिवाय भरलेलं हाड टिकायची खात्री तुमच्यापेक्षा त्याच्या बाबतीत कमी आहे. तो तरुण आहे म्हणून त्याचं भरून येईल, असं कुणी म्हणालं तर मी तरी मान डोलावणार नाही.

तुमच्या बाजूनंही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तीन महिन्यांची साखर ७ किंवा त्याहून जास्त असली की भागाकार काहीही येवो, त्याच नियमानं आजार वेगवान श्रेणीत धरतात. तुमची ८.६ आहे. त्यामुळे मला तुमच्या ६४ पेक्षा या ८.६ ची काळजी जास्त वाटते. साखर चढलेली असली की जखम चिघळते, हाड भरत नाही, पायरियाही जोर धरतो. आणि हे दोन्हीकडून चालतं. हिरड्यांची सूज उतरली की तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची साखर सरासरी ०.४ च्या आसपास खाली येते, असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिलं गेलंय. त्यासाठी शस्त्रक्रियासुद्धा लागत नाही, खोल सफाईवर एवढं मिळतं. तुमच्या फिजिशियनना हे सांगा आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. साखर सातच्या आसपास आणून मग ऑपरेशनच्या खुर्चीत बसलात तर ‘या वयात’ हे शब्द पुष्कळ हलके होतील.

आता मुलाची तंबाखू. तुम्ही पत्रात ती एका ओळीत उरकली आहे. मला वाटतं, ती आधी यायला हवी होती. चुना लावून मळलेली तंबाखू जिथे धरून ठेवतात, बहुतेक खालच्या ओठात पुढच्या दातांपाशी नाहीतर गालात, तिथली हिरडी खाली सरकते आणि मुळं उघडी पडतात. त्याला म्हणावं, आरशासमोर उभा राहून खालचा ओठ बाहेर ओढ. त्या जागची कातडी पांढरट, सुरकुतलेली दिसली तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवायची, कारण तिथे हिरड्यांपेक्षा मोठा धोका लपलेला असू शकतो. त्यानं कधी सिगारेट किंवा विडी ओढली असेल तर आणखी एक फसवणूक होते: धुरानं रक्तवाहिन्या आखडतात, हिरडीतून रक्त येत नाही आणि माणसाला वाटतं आपलं तोंड ठीक आहे. तंबाखू चालू असताना पडदा आणि पूड घालण्यावर पैसे घालवू नका, असंच मी सांगेन. रात्रपाळीत झोप उडवायला तो बार भरत असेल, हे मला समजतं; कारखान्यात सगळेच भरतात. पण सुटते. केंद्र सरकारचा मोफत नंबर आहे, १८००-११-२३५६, तिथे समुपदेशक बोलतात. त्याच्या फोनमध्ये तो तुम्ही घालून देण्यापेक्षा सूनबाईंनी घालावा, आईच्या सांगण्याला या वयातली मुलं ‘हो’ म्हणतात आणि विसरतात.

दात काढून कवळी बसवली की कटकट संपते, हाही एक गैरसमज आहे. दात काढला की त्या जागचं हाड आटायला लागतं, पहिल्या वर्षात हिरडीच्या कण्याची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. खालची कवळी त्यामुळे सैल होत जाते. दोन-तीनच दात काढून काढघालीची छोटी कवळी लावली तर तिचे हुक शेजारच्या दातांना अडकतात, आणि तुमच्या शेजारच्या दातांनाही पायरिया आहेच. इम्प्लांटचं, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताचं म्हणाल तर पायरिया झालेल्या माणसाला इम्प्लांटभोवतीही तसाच आजार व्हायची शक्यता जास्त असते, साखर चढलेली असेल तर आणखी. इटलीत एक चाचणी झाली, मुळाच्या टोकापर्यंत आधार गेलेल्या, आशा सोडलेल्या दातांची. निम्म्या रुग्णांचे दात काढून नवे बसवले, निम्म्यांचे हाड भरून वाचवायचा प्रयत्न केला. वाचवायला घेतलेल्या दातांपैकी ८८ टक्के दहा वर्षांनीही तोंडात होते. ते रुग्ण फार काटेकोर देखभालीत होते हे खरं, पण हलणारा दात म्हणजे गेलेला दात असं धरून चालू नका.

तरीही काही दात काढावेच लागतात. मूळ उभं चिरलेलं असेल, दात नुसता बाजूला न हलता वर-खाली दबत असेल, वारंवार पू येत असेल आणि जवळपास काही आधारच उरला नसेल, तर मीही काढायलाच सांगते. तुमच्या दाढेचं यातलं काही आहे का, ते डॉक्टरांना विचारा. पण ते दाढेकडे बघून ठरवायचं असतं. जन्मसाल बघून नाही.

तर मग आधी कोणाचं? तुम्ही दोघीही, तुम्ही आणि सूनबाई, एक गोष्ट धरून चालला आहात की हा निर्णय आत्ता घ्यायचा आहे आणि दोघांतला एकच जण निवडायचा आहे. तसं नाही. पहिली पायरी दोघांनाही एकच आणि त्या मानानं स्वस्त: हिरडीखालची खोल सफाई आणि घासायची पद्धत सुधारणं. त्यानंतर दोन-तीन महिने हिरडीला बसू द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. बारीक खुणांची सळई घेऊन डॉक्टर प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात आणि असिस्टंटला आकडे सांगत जातात, "तीन, दोन, चार, तीन, सहा, पाच". तीनपर्यंत निरोगी. तो कागद मागून घ्या, पहिला आणि नंतरचा, दोन्ही. बरेच पाच आणि सहा सफाईनंतर तीन-चारवर आलेले दिसतात, आणि मग शस्त्रक्रिया लागणाऱ्या जागा पुष्कळ कमी उरतात. आत्ता नवरात्राच्या सुमाराला सफाई उरकली, तर संक्रांत होऊन सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरेपर्यंत मोजणीची वेळ येईल. तोपर्यंत ठेवीला हात लावू नका.

त्या तीन महिन्यांतच निकालाचा खरा अंदाज येतो, आणि तो तुमच्या हातात असतो. तुमच्या वयात दातांमधल्या फटी रुंद झालेल्या असतात, त्यात शेंगाचटणीचा कणन्‌कण जाऊन बसतो आणि नुसत्या ब्रशनं निघत नाही. त्यासाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखे छोटे इंटरडेंटल ब्रश मिळतात. वेगवेगळ्या फटींना वेगवेगळं माप लागतं. क्लिनिकमध्ये घालून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. ब्रश किंचित अडून आत जायला हवा, ढकलावा लागत असेल तर माप मोठं आहे, नुसता सरकत असेल तर लहान. रात्री जेवणानंतर चष्मा लावून, उजेडात, आरशासमोर. पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरून थांबू नका, साफ होत गेलं की ते कमी होतं. बोटं आखडत असतील तर जाड मुठीचा ब्रश घ्या किंवा बॅटरीचा. तोंडातल्या कीटणाचं आणि रक्त येणाऱ्या जागांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आलं तरच बहुतेक हिरड्यांचे डॉक्टर पडद्याची शस्त्रक्रिया करायला तयार होतात. यात ६४ वर्षांच्या शिक्षिका ३५ वर्षांच्या रात्रपाळीवाल्याला सहज मागे टाकतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

वयाच्या नावाखाली खरोखर तपासायची एक गोष्ट म्हणजे तुमची औषधं. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून घेऊन जा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेन्ड्रोनेटसारखी गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन चालू असेल, तर जबड्यावर काही करण्याआधी, दात काढण्याआधीसुद्धा, ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. ब्लडप्रेशरच्या अॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या फुगतात, तसं असेल तर औषध बदलून बघता येतं. मिश्री लावत असाल तर तीही सांगा, लाजू नका. ती तंबाखूच आहे.

खर्चाचं म्हणाल तर केगावच्या डेंटल कॉलेजमध्ये हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे चौकशी करा. वेळ जास्त जातो, शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या नजरेखाली काम करतात, पण तपासणी आणि मोजणी नीट होते. निदान दुसरं मत तरी मिळेल.

शस्त्रक्रिया ठरलीच तर घरात कुणाला तरी तुमचं बघावं लागेल, हे आधीच बोलून घ्या. टाके निघेपर्यंत आणि पुढचे काही आठवडे त्या जागी ब्रश नाही, डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं चूळ भरायची; त्यानं दात तपकिरी होतात, ते नंतर साफ करून मिळतात. कडक भाकरी, चटणीचे दाणे, हंगाम असेल तर हुरडा, काही दिवस बंद. भात, ज्वारीच्या कण्या, आमटीत मऊ केलेली पोळी, तेही दुसऱ्या बाजूनं. हाड भरलंय की नाही ते सहा महिने ते वर्षभरानं एक्स-रेवर कळतं, मध्ये घाई करून खोली मोजायला लावू नका. आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी सफाई, कायमची. तिचा खर्च आजच हिशेबात धरा, शस्त्रक्रियेपेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे.

जानेवारीतल्या मोजणीनंतर साखर खाली, फटी स्वच्छ आणि तुमच्या दाढेपाशी भिंती शाबूत असलेला खड्डा, असं चित्र असेल आणि मुलाची तंबाखू तोवर चालूच असेल, तर ठेवीतले पैसे आधी तुमच्या दाढेवर खर्च करा, सूनबाईंचं ऐका. मुलाची सफाई चालू ठेवा, त्याचे दात तोवर टिकवून ठेवायला तेवढं पुरतं. त्यानं तंबाखू सोडून काही महिने तग धरला की त्याची शस्त्रक्रिया करता येईल. मुलगा कमावता आहे, तेव्हा स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी आजपासून थोडं थोडं बाजूला टाकायला त्यालाच सांगा. आणि त्याला धाकटं भावंड असेल तर त्याचीही एकदा तपासणी करून घ्या, कमी वयातला जोरदार पायरिया घराण्यात असू शकतो.